इतर हक्क

गोव्यात, बार्देशातल्या एका सरकारी कचेरीचा व्हरांडा. जुलैचा पाऊस असा, की समोरचं आंब्याचं झाडही दिसेनासं झालेलं. सत्तरी ओलांडलेली एक इंग्रज बाई प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरून खिडकीपाशी उभी होती. छत्रीचं पाणी तिच्याच पायांवर ठिबकत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. कारकुनाने आतून एक कागद सरकवला. तिने चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. घर माझं, पैसे मी दिले, खरेदीखतावर नाव माझं, मग ही कोण? कारकून म्हणाला, "मुंडकार." तिला शब्द कळला नाही. मग त्याने त्या ओळीतलं नाव मोठ्यांदा वाचून दाखवलं. ओळखीचं नाव ऐकून तिचा चेहरा आधी उजळला आणि लगेच गोंधळला. ही तर माझ्याकडे अंगण झाडायला येते, फणसाच्या मागे राहते, असं ती म्हणाली. कारकुनाने मान डोलावली. "तीच," तो म्हणाला.

मुंडकार, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणारं माणूस. तो एक शब्द नंतर कितीतरी दिवस डोक्यातून जाईना. या सगळ्यात नेमकं कोणी कोणाला फसवलं, हेच ठरवता येत नव्हतं. विकणारा खोटं बोलला नव्हता; मागे जुनी माणसं राहतात, चांगली आहेत, एवढं त्याने सांगितलं होतं. ती अंगण झाडणारी बाई तर काहीच लपवत नव्हती. ती रोज सकाळी डोळ्यांसमोर होती. नाव सरकारी कागदावर छापलेलं होतं, आणि तो कागद खरेदीच्या आधीपासून फाइलमध्येच होता.

आपल्याकडे जसा सातबारा, तसा गोव्यात एक-चौदाचा उतारा. नमुना नंबर १ आणि १४ एकाच पानावर. रकान्यांची नावं दोन लिप्यांत छापलेली असतात, रोमनमध्ये इंग्रजी आणि शेजारी नागरीत 'कब्जेदाराचें नांव', 'कुळाचें नांव', 'इतर हक्क', 'फेरफार', 'शेरा'. वरच्या बाजूला जमिनीचे प्रकार असतात, जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. खाजन म्हणजे खाडीच्या पातळीखालची, बांध आणि मानस (पाणी अडवायचं-सोडायचं दार) घालून राखलेली खारी जमीन. केर आणि मोरड हे शब्द पणजीच्या पोरांनाही आता आजोबांना विचारावे लागतात. परदेशी माणूस त्यातला फक्त 'कब्जेदार' वाचतो, विकणाऱ्याचं नाव जुळवतो आणि पान उलटतो. वास्तविक हा उतारा मालकीचा पुरावा नाहीच. मुक्तीनंतर मोजणी झाली तेव्हा जमिनीवर कोण आढळलं, त्याची ती नोंद. कायदा ती नोंद खरी धरून चालतो, पण उलट पुरावा आला की ती पडते. कब्जेदार म्हणून एका भावाचं नाव लागलंय आणि हिस्सेदार सात आहेत, असं गावोगाव दिसतं.

इंग्लंडमधून आलेल्या माणसाची अडचण समजून घ्यायला हवी. त्याच्या देशात जमिनीच्या नोंदवहीत नाव चढलं म्हणजे मालकी झाली, आणि तिची हमी सरकार देतं. नोंदवहीच्या चुकीने नुकसान झालं तर भरपाईही मिळते. आपल्याकडे उपनिबंधकासमोर नोंदतो तो दस्त. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता की नव्हता, हे तपासायचं ओझं घेणाऱ्यावर असतं. तोच शिक्का, तसंच टेबल, अंगठ्याचा ठसा, फोटो, मुद्रांकाची भली मोठी रक्कम. एवढा सोहळा पाहून परक्या माणसाला वाटतं, की सरकारने सगळं तपासलं. तसं कोणी तपासलेलं नसतं.

आणि घरं तरी कशी. शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा दुधी उजेड, मंगळुरी कौलांखाली दुपारी रेंगाळणारा गारवा, बल्कांवावरच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीवरच्या, लाल सिमेंटच्या बाकांवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या बसण्याने आलेली चकाकी. हे सगळं जानेवारीत पाहिलं की माणूस हरतो. चिरा कोरडा असतो, विहिरीला पाणी असतं, परसात फुलं फुललेली असतात. दलाल घर जानेवारीतच दाखवतो. जुलैत त्याच अंगणातून शेजारच्या वाड्याचं पाणी वाहतं, कारण उताराची वाट तीच. क्रुसाकडे किंवा विहिरीकडे जाणारी गावाची पायवाट कुंपणाच्या आत आली आहे, हेही पावसातच कळतं, कारण तेव्हा माणसं शेतातून न जाता तिथून जातात. त्या वाटेवर भिंत घातली की पहिला अर्ज पंचायतीत येतो, दुसरा मामलेदाराकडे, तिसरा दिवाणी कोर्टात. गोव्यात घर घ्यायचं तर एक पावसाळा त्याच गावात भाड्याने राहून काढावा. हा सल्ला कोणत्याच करारनाम्यात छापलेला नसतो, पण याच्याइतका स्वस्त विमा दुसरा नाही.

व्हरांड्यातली बाई पहिला उंबरा नीट ओलांडून आली होती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तो उंबरा म्हणजे फेमा, परकीय चलनाचा १९९९चा कायदा. भारतीय वंशाच्या नसलेल्या परदेशी माणसाला इथे घर घ्यायचं तर तो या कायद्याच्या अर्थाने भारतात 'निवासी' हवा. मागच्या आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्च, १८२ दिवसांपेक्षा जास्त काळ तो इथे राहिलेला असावा लागतो. पण नुसते दिवस मोजून भागत नाही. तो नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने आलेला असावा लागतो. पर्यटक व्हिसा साधारण १८० दिवसांचा. १८० आणि १८२ यांच्यातल्या त्या फटीत गोव्यातली कितीतरी घरं अडकली. लोक व्हिसा संपल्यावर श्रीलंकेला किंवा नेपाळला जाऊन परत यायचे, तुकड्यातुकड्यांनी दिवस भरायचे, आणि पासपोर्टवरचे शिक्के दाखवून दस्त नोंदवायचे. पर्यटक म्हणून येऊन दिवस भरले तरी निवासीपण येत नाही, हे केंद्र सरकारने २००९मध्ये जाहीरपणे स्पष्ट केलं. तोवर आणि त्यानंतरही, 'आमच्याकडे सगळे असंच करतात' हे वाक्य पुरेसं मानून पैसे दिले गेले. हे व्यवहार सक्तवसुली संचालनालयाकडे गेले की दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटपर्यंत होऊ शकतो, वर मालमत्ता जप्त करण्याचाही अधिकार आहे. चाळीस लाखांच्या घराला एक कोटी वीस लाखांपर्यंतचा दंड, हे गणित निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला कोणी आधी करून दाखवत नाही.

निवासी नसलेल्या परदेशी माणसाला काय करता येतं? पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय. एका वर्षावरचा असेल तर तोही नोंदवलेला हवा. बाजारात मात्र नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याचे कागद फिरत होते, सुंदर टंकलेले, लाल सील लावलेले. पैसे बँकेमार्गेच यायला हवेत, बाहेरून आलेल्या रकमेचा दाखला जपायला हवा. नोटांच्या पुडक्यांनी दिलेला हिस्सा पुढे घर विकताना कुठेच दाखवता येत नाही आणि पैसे मायदेशी न्यायचे म्हटलं की तिथेच गाडी अडते. जोडीदार भारतीय वंशाचा, ओसीआय (भारताचा परदेशस्थ नागरिक) कार्डधारक असेल तर वेगळी वाट आहे. लग्न नोंदलेलं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं असेल तर दोघांच्या नावे एक घर घेता येतं. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस मात्र तेव्हाही नाही.

मग आडवाटा निघाल्या. एक वाट खाजगी कंपनीची. दोन संचालक, एक लेटरहेड, आणि कंपनीच्या नावावर बंगला. कंपनीला तिच्या धंद्यासाठी जागा घेता येते हे खरं, पण संचालकाने सहा महिने राहायचं घर हा धंदा होत नाही, आणि स्थावराच्या खरेदीविक्रीत परकीय गुंतवणुकीला बंदी आहे. त्यात दरवर्षीचे ताळेबंद, लेखापरीक्षण, कंपनी निबंधकाकडची विवरणपत्रं. दोनतीन वर्षं ती भरली नाहीत की कंपनीचं नाव निबंधकाच्या यादीतून खोडलं जातं. मालकच कागदावरून नाहीसा झालेल्या घरात माणूस चहा पीत बसलेला असतो. दुसरी वाट विश्वासू स्थानिक मित्राच्या नावाने घ्यायची. तो खरोखरच विश्वासू असला तरी व्यवहार बेनामी ठरतो. २०१६च्या दुरुस्तीनंतर त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि घर सरकारजमा होतं. मित्र वारला तर त्याची मुलं वारस म्हणून येतात, आणि त्यांचं काहीच चुकत नाही.

इथवर घेणाऱ्याची बाजू झाली.

विकणाऱ्याची बाजू याहून गुंतागुंतीची, आणि गोव्यात ती पोर्तुगीज काळापासून चालत आलेली. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतली तत्त्वं गोव्यात कुटुंबाच्या मालमत्तेला अजून लागू आहेत. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता एक होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा वाटा पडतो. त्यामुळे वडिलोपार्जित घर विकणाऱ्या भावाबरोबर त्याच्या बायकोचीही सही लागते, बहिणीबरोबर मेहुण्याची. सही करणारे पाच दिसतात तिथे दहा हवेत. निम्म्या मालमत्तेवर मुलांचा असा हक्क, की मृत्युपत्रानेही तो काढून घेता येत नाही. म्हातारा गेला, की वारस ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. विशेष नोटरीकडे वारसाचा दस्त करायचा, किंवा कोर्टात इन्व्हेंटरी चालवायची. इन्व्हेंटरीत घराण्याच्या सगळ्या मालमत्तेची यादी होते, एकजण कुटुंबप्रमुख म्हणून शपथेवर ती देतो, सगळ्या वारसांना समन्स जातं आणि वाटे पडतात. वारस लिस्बनमध्ये, टोरांटोत, नैरोबीत, कुणी मुंबईत गिरगावात. एकाचा पत्ता सापडत नाही म्हणून तीन वर्षं जातात. घाईतला परदेशी खरेदीदार या ठिकाणी कंटाळतो. दलाल सांगतो, की बाकीच्यांचं ना हरकत पत्र आणतो. साध्या कागदावरच्या ना हरकतीने कुणाचा वाटा हस्तांतरित होत नाही. मुखत्यारपत्राने सह्या होणार असतील तर ते परदेशात भारतीय वकिलातीत किंवा अपोस्टिलने, म्हणजे त्या देशाच्या सरकारी प्रमाणशिक्क्याने, प्रमाणित झालेलं आहे का, इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरला आहे का, आणि मुखत्यारपत्र देणारा सही होण्याच्या दिवशी जिवंत होता का, हे पाहावंच लागतं. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. मुखत्यारपत्र देणारा मेला की मुखत्यारी सहसा त्याच्याबरोबरच संपते, म्हणून तो विचारायचाच.

आता फणसामागचं घर. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर, त्याच्या संमतीने, घर बांधून किंवा त्याने दिलेल्या खोपटात राहणारं कुटुंब म्हणजे मुंडकार. माडांची राखण करायची, वेळेला हाक मारली की यायचं आणि तिथेच राहायचं. १९७५च्या कायद्याने त्यांना त्या घरातून काढता येणार नाही असं ठरलं, आणि घर व भोवतालची जागा विकत घ्यायचा हक्क दिला, गावात साधारण तीनशे चौरस मीटरपर्यंत. त्या घराला वाट आणि विहिरीचं पाणी पूर्वीपासून मिळत असेल तर तेही बंद करता येत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी, की जमीन विकली म्हणून मुंडकाराचा हक्क जात नाही. नवा मालक आला की तोच भाटकार. म्हणजे यॉर्कशरमधून आलेली निवृत्त शिक्षिका खरेदीखतावर सही करते त्या क्षणी भाटकारीण होते, आणि तिला तो शब्द माहीत नसतो. हा कायदा न्याय्य आहे, असंच मनापासून वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच्या मर्जीवर छप्पर असणं काय असतं, ते गोव्यातल्या गावांनी पाहिलं आहे. पण न्याय्य कायद्याची माहिती न देता त्याखालची जमीन विकणं, हे मात्र न्याय्य नाही. अडीच हजार चौरस मीटर जागा घेतली, त्यातले तीनशे चौरस मीटर आणि वाट ही दुसऱ्याची, हे सांगितलं असतं तर किंमत वेगळी ठरली असती. कदाचित घर घेतलंही असतं, आणि दोन बायकांमधलं नातं पहिल्या दिवसापासून खऱ्या पायावर उभं राहिलं असतं.

कुळाचा रकाना त्याहून कडक. १९६४चा कूळ कायदा आणि १९७६ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालक मानलं. अशी कुळाकडे आलेली जमीन शेतीशिवाय कशालाही वापरता येत नाही, असा १९९१चा कायदा आहे. त्या रकान्यात एखादं नाव खोडलेलं दिसलं तर ते कोणत्या आदेशाने खोडलं, तो आदेश मागावा. २०२३पासून भातशेतीची जमीन शेतकऱ्यालाच विकता येते. कोमुनिदादीची जमीन असेल तर ती गांवकऱ्यांच्या संस्थेची. तिच्यावर बांधलेल्या घराची घरपट्टी वीस वर्षं भरली म्हणून मालकी येत नाही. घरपट्टीची पावती म्हणजे पंचायतीने कर घेतल्याची पावती, तेवढीच. आणि समुद्र दिसतो म्हणून ज्या घराचे दुप्पट पैसे दिले, त्याच्यापुढे भरतीची रेषा दोनशे मीटरच्या आत असेल तर ग्रामीण किनाऱ्यावर तो बांधकाम-निषिद्ध पट्टा. नद्यांकाठीही शंभर मीटरपर्यंत हा नियम पोहोचतो. गोव्याच्या नद्यांत भरती आत कितीतरी मैल चढते, म्हणून किनाऱ्यापासून दूर आहोत असं समजून घेतलेली घरंही यात सापडतात. १९९१च्या फेब्रुवारीआधीचं घर असल्याचा पुरावा नसला तर नंतर बांधलेली प्रत्येक खोली धोक्यात.

परदेशी लोकांना विकले गेलेले ऑर्चर्ड प्लॉट हा वेगळाच घोर. बागायत पट्ट्यात फार्महाऊसला किमान चार हजार चौरस मीटर लागतात आणि त्याहून लहान तुकड्याचा दस्त नगरनियोजन खात्याच्या दाखल्याशिवाय नोंदत नाहीत. म्हणून आठ जणांना 'अविभाजित हिस्सा' विकायचा आणि नकाशावर पेन्सिलने रेघा मारून द्यायच्या. ती पेन्सिलची रेघ कोणत्याही कोर्टात उभी राहत नाही. न्यू जर्सीतली, दुबईतली आपली मराठी कुटुंबंही यात सापडली आहेत. पासपोर्ट बदलला की शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही, हे ओसीआय कार्ड हातात असताना विसरायला होतं.

या सगळ्यात एक उलटा आरसाही आहे, आणि त्यात पाहिलं की परदेशी खरेदीदारांवरचा राग थोडा निवतो. १९६१च्या आधी जन्मलेले गोवेकर आणि त्यांची मुलं-नातवंडं लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिक होतात, तिथून इंग्लंडला गेलेले कारखान्यांत रात्रपाळ्या करतात. इथे घर बंद. दाराला गंजलेलं कुलूप, बल्कांवावर वडाची रोपं, टपालपेटीत पंचायतीच्या जुन्या नोटिसा. अशाच घरांवर बनावट दस्तांनी डल्ला मारला गेला. पोर्तुगीज काळातले वाटावेत असे कागद तयार करायचे, मेलेल्या माणसाने मेल्यानंतर केलेलं विक्रीपत्र उभं करायचं, त्यावर फेरफार घालून कब्जेदाराचं नाव बदलायचं. २०२२मध्ये राज्य सरकारला त्यासाठी पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही. अशी घरं पुढे कोणाला विकली जाणार? शेजाऱ्याला ती विकता येत नाहीत, कारण खरा मालक कोण हे शेजाऱ्याला ठाऊक असतं. ती ज्याला गाव माहीत नाही त्यालाच विकावी लागतात. म्हणजे एका परदेशात राहणाऱ्याचं घर चोरून दुसऱ्या परदेशातून आलेल्याला विकलं जातं, आणि पुढे कोर्टात हे दोघे एकमेकांसमोर उभे राहतात, ज्यांनी एकमेकांचं काहीच वाईट केलेलं नसतं.

वकील घेणाऱ्याचा स्वतंत्र हवा. दलालाने किंवा विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याने एक-चौदा आजचा आणि मोजणीच्या वेळचा, दोन्ही काढावेत, मधले सगळे फेरफार आदेशांसकट मागवावेत. जुन्या नोंदणीतली पोर्तुगीज वर्णनं अधिकृत भाषांतरासह वाचावीत आणि त्यातल्या चतुःसीमा आजच्या सर्व्हे नकाशाशी ताडून पाहाव्यात. पूर्वेला नाला लिहिला असेल आणि जागेवर पूर्वेला रस्ता असेल तर थांबावं. तीस वर्षांचा बोजा नसल्याचा दाखला, इंग्रजी आणि मराठी वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, जमीन बिगरशेती झाल्याची सनद, नगरनियोजनाचा झोन दाखला, पंचायतीचा बांधकाम परवाना आणि वापर परवाना. विकणारा भारताबाहेर राहत असेल तर किमतीतून कर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. तो इथला असेल तर पन्नास लाखांपासून पुढे एक टक्का. नुसत्या करारनाम्यावर निम्म्याहून जास्त रक्कम देऊन वर्षानुवर्षं बसू नये, करारनाम्याने मालकी येत नाही. आणि एवढं झाल्यावर, वकिलाला न घेता, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास गावातल्या तिठ्यावर जाऊन पोदेराकडून पाव घ्यावा, परसातल्या शेजारणीशी बोलावं, तिला विचारावं, की या भाटात कोण कोण राहतं आणि विहीर कोणकोण वापरतं. ती खरं सांगते. तिला तोवर कोणी विचारलेलंच नसतं.

कारकुनाने कागद परत घ्यायला हात पुढे केला तेव्हा त्या बाईंनी तो सोडला नाही. सगळ्यात वरच्या ओळीत, 'शेताचें नांव' लिहितात तिथे, नागरीत छापलेल्या तीन-चार अक्षरांवर त्यांचं बोट गेलं. हे काय? कारकुनाने ते वाचलं, मग जमिनीच्या तुकड्याचं नाव असतं ते, असं सांगितलं. बाईंच्या फाटकावर निळ्या टाइलवर इंग्रजीत घराचं एक नाव होतं, त्यांनीच ठेवलेलं, अकरा वर्षांपूर्वी. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि कारकुनाला म्हणाल्या, परत एकदा, सावकाश. पाऊस एवढा वाजत होता, की त्याला ते दोनदा ओरडून सांगावं लागलं.